गंगीनं गिळलेली दोन नावं

लग्नाचं बोलायला कुणी चपला घालून दारात आला, की गंगी त्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघायची. "आधी त्या काढ. बाजाराला आलास का रे?" मग तो सरपंच असो की सोयरा. मूठभर देहाची बाई, पण जिभेला धार अशी की सगळी वाडी तिला वचकून असायची. नवरा लवकर गेला, पोटी मूल नाही, त्यामुळे कुणाची भीडही नाही.

म्हसा गावापासून दीड कोस आत, डोंगराच्या पायथ्याला त्यांची वाडी. तिथल्या लग्नाला भटजी लागत नाही. लग्न लावते धवलेरी. तांदळाच्या पिठाचा चौक भरायचा, नवरा-नवरीला त्यावर बसवायचं आणि धवलेरीनं धवळा म्हणायचा. त्यात एकेका देवाला, डोंगराला, नदीला नावानं हाक मारून मांडवात बोलवायचं, मग मेलेल्या पितरांना बोलवायचं, आणि सगळे येऊन बसले की अगदी शेवटी नवरा-नवरीची नावं घ्यायची. नावं घेतली की लग्न लागलं. त्याआधी कितीही हळद फासा, कितीही ढोल बडवा, ते सगळं वाया. हे गाणं गंगीला सासूकडून आलं होतं. किन्हवलीकडच्या वाड्यांवरूनही तिला बोलावणं यायचं, आणि आपण लावलेलं एकही लग्न कच्चं नाही, असं ती छातीठोकपणे सांगायची.

कच्चं राहिलं होतं ते तिच्या घरातलंच. धाकटा भाऊ नथू यानं बावीस वर्षांपूर्वी भागीला घरी आणली. बोलणी झाली, पण लग्न म्हणजे साऱ्या जमातीला पंगत, आणि पंगतीचं काही जमेना. वाडीवर हे नवीन नव्हतं. माणसं एकत्र राहायची, पोरं व्हायची, आणि कधी हात सैल झाला की आईबाप मांडवात बसायचे आणि पोरं वऱ्हाडात नाचायची. कुणी नावं ठेवत नसे. अट एकच होती, की मरायच्या आत हळद लागली पाहिजे. बिनलग्नाच्या माणसाला पितरांच्या पंगतीत पान नाही. तो दारातच उभा राहतो, आणि घरच्यांनी वाढलेलं त्याच्यापर्यंत पोचत नाही.

नथू दर साल वीटभट्टीवर जायचा आणि दर साल म्हणायचा, "औंदा करून टाकू." सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात तो भट्टीवरून आला तो खोकतच. दिवाळीपर्यंत त्याच्या अंगावर हाडांशिवाय काही राहिलं नाही. मुरबाडच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला, भागीला बाहेर पाठवलं आणि गंगीला सांगितलं, आता घरी न्या, काय खाईल ते घाला.

गंगी एसटीत खिडकीशी बसून रडली. पण रडता रडताही तिच्या डोक्यात एकच घोळत होतं, की ह्याचं लगीन राहिलं.

पौषात म्हशाची जत्रा भरली. जत्रा उठली आणि दोनच दिवसांनी ज्ञानेश्वर वाडीवर आला. हा मुरबाडचा, चांगल्या शेतकरी घरातला. वाडीच्या खालच्या अंगाला त्यानं जमीन घेऊन फार्महाऊस बांधलं होतं, आणि मुंबईचे, कधी परदेशचे पाहुणे तो जीपमधून आणायचा. माणूस वाईट नव्हता. फक्त प्रत्येक गोष्ट पाहुण्यांना कशी दिसेल, एवढंच त्याला दिसायचं.

"गंगामावशी, हॉलंडचे पाव्हणे आलेत. जत्रा बघायला आले ते राहिले. त्यांना लगीन करायचंय. तुमच्या रीतीनं."

"आधी चपला काढ."

त्यानं काढल्या. मग सगळं सांगितलं. पोरीचं नाव मार्लीन, तिच्या देशात ती नर्स. पोरगा योस्त, शाळामास्तर. इथं बाई लग्न लावते, हे ऐकल्यापासून पोरीनं तेच धरलं होतं.

"त्यांच्यात बामन नाय का?"

"हाय. पण तिला तूच पायजे."

"लगीन म्हंजे तमाशा वाटला का रे तुला?" गंगी कडाडली. "चौकात बसवलं, नाव घेतलं, म्हंजे लागलं ते. मंग इमानात बसून काडीमोड नाय चालायचा."

"पंगत त्यांची," ज्ञानेश्वर म्हणाला. "सगळ्या वाडीला. शेजारच्या तीन वाड्यांना पन."

चार वाड्या म्हणजे सारी जमात आली. बावीस वर्षं जी पंगत जमत नव्हती, ती चपला काढून दारात उभी होती.

एका मांडवात दोन जोड्या बसल्या तर धवळा दोनदा म्हणायचा, पंगत मात्र एकच चालते, ही जुनी रीत. गरिबांनी गरिबांसाठी काढलेली. "मी लावते लगीन," ती म्हणाली. "पन माज्या भावाची जोडी त्यांच्या बाजूला बसंल."

ज्ञानेश्वरनं आत नजर टाकली. घोंगडीखाली नथू खोकत होता, आणि भागी त्याच्या तोंडाशी राखेचं मडकं धरून बसली होती.

"नाय मावशी. ते नाय जमायचं."

"का?"

"कल्यानवरनं व्हिडिओवाला येतोय. ऊन जायच्या आत उरकायचंय, एकच धवळा, तो पन आखडता. आनि... आजारी मानूस पाव्हण्यांच्या मांडीला मांडी लावून कसा बसवू? मला बी बघायला लागतं ना."

"त्यांना इचार तरी."

"इचारतो," तो म्हणाला. तो विचारणार नाही, हे गंगीला तेव्हाच कळलं. पण तिला तरी कुठं त्या पोरीशी बोलता येत होतं? रोज सकाळी ती पोर वाडीवर यायची, बायकांबरोबर विहिरीवर जायची, हंडा कमरेवर घेऊन सांडायची आणि हसायची. गंगी तिच्यापासून हातभर अंतरावर असायची, आणि त्या हातभर अंतरात एक शब्द जात नव्हता.

वाडीला मात्र उधाण आलं होतं. या गोरीला हळद लावली तर लावल्यासारखी दिसायची तरी कशी, यावर बायका पोट धरून हसल्या. नवरदेवाच्या मापाचं धोतर मिळेना म्हणून दोन जोडली. भागी सगळ्यांत पुढे. तांदूळ कांडले तिनं, चौकाचं पीठ वाटलं तिनं. कुणी म्हटलं, "भागे, तुझंच लगीन असल्यावानी करतेस गो," तर ती म्हणाली, "माजं नाय तर नाय, कुनाचं तरी होतंय ना." गंगीनं ते ऐकलं आणि तिथून उठून गेली.

माघातली दुपार. फार्महाऊसच्या अंगणात आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव. ढोलावर मंगळू, गंगीच्या मागं ओळ उचलून झील धरायला बारकी आणि आणखी दोघी. नथूनं हट्टच धरला होता म्हणून वाडीतल्या पोरांनी त्याला खाटेसकट आणलं आणि मांडवाच्या बाहेर, व्हिडिओवाल्याच्या पाठीमागे ठेवलं. भागी हळदीचं ताट घेऊन नवरीच्या मागे उभी.

गंगीनं मनाशी ठरवलं होतं की हे सोंग आहे, सोंगासारखं उरकायचं. पण मार्लीन मांडवात आली ती अनवाणी, आणि उपाशी. कुणी न सांगता तिनं सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. चौकावर बसताना पिठाची रेघ पुसू नये म्हणून तिनं लुगडं दोन्ही हातांनी सावरलं. भागीनं हळद लावली तेव्हा तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि तो मास्तर घाबरून तिच्याकडे बघायला लागला. ही पोर सोंग करत नाहीय, हे गंगीला स्पष्ट दिसलं. दिसलं नसतं तर फार बरं झालं असतं.

तिनं धवळा सुरू केला. डोंगर बोलावले, काळू नदी बोलावली, गावदेवी बोलावली. रात्रभराचं गाणं तासाभरात कोंबायचं म्हणजे देवांना मांडवातून पळवत नेण्यासारखं होतं. पितर बोलावले. तिचा बाप, तिची आई, आजा. मांडवाबाहेरून खोकल्याची उबळ आली. व्हिडिओवाल्यानं वैतागून मागे बघितलं. ज्ञानेश्वरनं सूर्याकडे बोट केलं आणि हातानं खूण केली, आटप.

नावांची जागा आली.

एकच जागा. ज्याचं नाव, त्याचीच पंगत. पलीकडे चुलाणांवर भात शिजून तयार होता आणि चार वाड्यांची माणसं पत्रावळींची वाट बघत होती. गंगीनं समोर पाहिलं. ती दोघं मान खाली घालून बसली होती. आठ दिवस ती त्यांची नावं घोकत होती, जिभेवर बसवली होती. मग तिनं त्यांच्या डोक्यांवरून पलीकडे पाहिलं. नथू खाटेवर कोपरावर उठून बसायचा प्रयत्न करत होता. पितर आले म्हटल्यावर बसायला पाहिजे, एवढं त्यालाही कळत होतं.

गंगीनं ती दोन परकी नावं गिळली आणि गायली,

"नथू नवरा चौकी बसला,
भागी नवरी चौकी बसली."

मागं बारकीची झील अर्धा ठोका चुकली. मंगळूचा हात ढोलावर थबकला. मग बारकीनं ओळ उचलली, मंगळूनं ठोका दिला, आणि तांदूळ उडाले. गोऱ्या जोडीवर उडाले तसे कुठल्या कुठल्या मुठीतून खाटेवरही पडले. भागीच्या हातात हळदीचं ताट होतं. तिनं ते खाली ठेवलं, खाटेपाशी गेली आणि बोटाला उरलेली हळद नथूच्या कपाळाला पुसली. सगळी जमात समजली, आणि एकानंही तोंडातून ब्र काढला नाही. व्हिडिओवाला गोऱ्या जोडीचं चित्रण करत राहिला.

जेवणाआधी ती दोघं गंगीच्या पाया पडायला वाकली. तिनं पाय मागे घेतले. लोकांना वाटलं, म्हातारी लाजली.

भाताच्या रोपांची आवणी संपली आणि नथू गेला. बायकोचा नवरा म्हणून गेला. भागीच्या बांगड्या फोडल्या, तिचं कुंकू पुसलं, दहाव्याला त्याच्या नावाचं पान वाढलं तर कावळा लगेच शिवला. "पोचला," जाणती माणसं म्हणाली. गंगीला आपण केलं ते बरोबर होतं याबद्दल तिळभरही शंका नव्हती. तिला शंका होती ती दुसऱ्याच गोष्टीची.

ती दोघं बिनलग्नाची होती. साऱ्या जगात हे गंगीला आणि चार वाड्यांना माहीत होतं, फक्त त्या दोघांना माहीत नव्हतं. दर नाताळात ज्ञानेश्वरच्या पत्त्यावर त्यांचा फोटो यायचा. कधी बर्फात, कधी सायकलवर, कधी एका ढेरपोट्या मांजराबरोबर. ज्ञानेश्वरची मुलगी मनस्वी तो वाडीवर आणून द्यायची. गंगी फोटो पत्र्याच्या पेटीत ठेवायची आणि पुटपुटायची, "जित्ती हायत. अजून टाइम हाय." एकदा तरी ती परत येतील, एकदा तरी त्यांना गुपचूप चौकावर बसवून नावं घेता येतील, हा तिचा हिशेब. पंगतीचं काय, ती कोंबडं कापून करील. देवांशी भांडून मिटवील. पण दोघं पाहिजेत, आणि दोघं जिवंत पाहिजेत. मेलेल्याचं नाव नवरा म्हणून धवळ्यात घेता येत नाही.

लग्नं ती लावत राहिली. पण नावांची जागा आली की तिचा आवाज फाटायचा. लोक म्हणायचे, गंगी म्हातारी झाली.

दोन हजार चारच्या नाताळात फोटो आला नाही.

पुढच्या फाल्गुनात मार्लीन आली. एकटी. बरोबर मनस्वी, आता कल्याणला कॉलेजात जाणारी, इंग्रजी बोलणारी. गंगी आणि भागी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होत्या. मार्लीन कुंपणापाशी थांबली आणि कुणी न सांगता तिनं चपला काढल्या. केस पांढुरके झाले होते. गंगीनं मार्लीनच्या मागे, वाटेवर नजर टाकली. वाट रिकामी होती.

"मास्तर कुठंय?"

मनस्वीनं मार्लीनला विचारलंच नाही. तिला माहीत होतं. "गेल्या पावसाळ्यात वारले आजी. रक्ताचा आजार झाला व्हता."

गंगी खाली बसली आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. लोकांना दुःखाचं कारण एक दिसतं आणि आत दुसरंच असतं. मार्लीनला वाटलं, ही म्हातारी योस्तसाठी रडतेय. ती तिच्याजवळ बसली आणि तिचा हात हातात घेतला. ते गंगीला जास्तच जड गेलं. दारात उभा असेल तो, तिच्या मनात आलं. परक्या मुलखात, कुणी ओळखीचं नाही, आणि हातात पान नाही. माझ्यामुळे.

मार्लीननं पिशवीतून छोटा टेपरेकॉर्डर काढला. लग्नाच्या वेळी तो चौकाशेजारी ठेवून तिनं धवळा त्यात भरून घेतला होता. ती बोलत गेली आणि मनस्वी सांगत गेली. दवाखान्यात शेवटचे तीन महिने योस्त रोज हे गाणं ऐकायचा. शेवटी आपली नावं येतात, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. दोघांनी मिळून किती वेळा शोधली, पण सापडली नाहीत. त्यांना वाटायचं, आपल्यालाच ती भाषा समजत नाही. "ती म्हणते, तेवढंच विचारायला आलेय. आमची नावं कुठं आहेत, ते दाखवा."

बटण दाबलं. सात वर्षांपूर्वीचा गंगीचा आवाज अंगणात उभा राहिला. डोंगर आले, नदी आली, पितर आले, आणि त्यांच्यामागून खोकल्याची एक लांब उबळ आली.

भागीच्या हातातली मोहाची फुलं तशीच राहिली. तो खोकला तिनं वर्षभर रात्रंदिवस ऐकला होता आणि सात वर्षं ऐकला नव्हता. ती टेपच्या जवळ सरकली, पार जवळ.

मग ती ओळ आली. मनस्वी बोलता बोलता थांबली. ती या वाडीत लहानपणापासून येत होती. तिनं भागीकडे पाहिलं, मग मान खाली घातली आणि हळूच इंग्रजीत दोन नावं सांगितली. मार्लीन गोंधळली. तिनं विचारलं, ही कुणाची नावं?

"बाय माजे," गंगीनं तोंड उघडलं. "बाय, मी तुला..."

"तुमचीच ती," भागी म्हणाली.

गंगी गर्रकन तिच्याकडे वळली.

"सांग गो तिला," भागी मनस्वीला म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजीचं काही सांगावं तसा. "भायेरचा मानूस मांडवात घेताना वाडी आपलं नाव देते. त्याला नथू दिलं. तिला भागी. लगीन लागलं तुमचं. पक्कं लागलं."

मनस्वीनं सांगितलं. मार्लीननं छातीवर हात ठेवला आणि दोनतीनदा ते नाव म्हणून बघितलं. "भागी. भागी." मग टेप मागे नेऊन ती ओळ पुन्हा लावली, पुन्हा ऐकली, आणि रडता रडता हसली. निघताना तिनं भागीचे दोन्ही हात धरले आणि विचारलं, तुझं नाव काय?

मनस्वीनं ते मराठीत सांगितलं.

"मी हिची भावजय," भागी म्हणाली.

जीप खालच्या वळणाला दिसेनाशी झाली तरी गंगी कुंपणाला धरून उभीच होती. मग तिचा पारा चढला. "काय केलंस तू ह्ये? माजं पाप होतं, मी सांगत होते. तू का मधे पडलीस? तुझं लगीन देऊन टाकलंस गो तिला!"

भागी खाली बसून विखुरलेली फुलं गोळा करत होती. "सांगून काय करनार होतीस? मेलेल्याला चौकावर बसवनार होतीस?"

गंगीनं कुंपण सोडलं.

"माजा सात वर्सं बसलाय पंगतीत. त्याला आता कोन उठवतो? तिचा दारात हुबा हाय." भागीनं फुलं सुपात ओतली. "नथू सरकून बसंल. भट्टीवर एका झोपडीत धा जनं निजायचं आमी. त्याला सवय हाय."

भागीनं एवढ्या सहज मिटवलं, पण गंगीचं मिटलं नाही. पेटी उघडून तिनं सगळे फोटो काढले आणि त्या उंच, हसऱ्या मास्तराच्या तोंडाकडे बघत बसली. जिभेवर बसवलेलं त्याचं नाव अजून तिथंच होतं.

त्या वैशाखात बारकीच्या नातीचं लग्न निघालं. गंगीनं धवळा धरला. डोंगर बोलावले, काळू बोलावली, मग पितरांना एकेक हाक मारली. बाप आला, आई आली, नथू आला. नथूच्या मागोमाग ती म्हणाली, "योस्त."

मागं बारकीची झील अर्धा ठोका चुकली, मग तिनं ते नाव उचललं.